मीठ पातेल्यात कमी, पानात मोजून

रक्तदाब वाढून, हृदय थकून किंवा मूत्रपिंडे कुरकुरू लागल्यामुळे रुग्णालयात गेलेला माणूस घरी परततो, तेव्हा त्याच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ असते: मीठ कमी. किती कमी, कशातून कमी, याबद्दल कागद गप्प असतो. मग घरात ठरलेला प्रकार सुरू होतो. रोग्यासाठी वेगळे छोटे पातेले, त्यात बिनमिठाचे वरण आणि उकडलेला दुधी. बाकीच्यांसाठी नेहमीची झणझणीत आमटी. चार दिवस हे चालते. पाचव्या दिवशी रोगी ताटावरून अर्धपोटी उठतो, आठवड्याने लोणच्याची बरणी त्याच्या हाताशी येते आणि महिन्याभरात ते छोटे पातेले फडताळात परत जाते. दोष दिला जातो तो रोग्याच्या जिभेला. माझ्या मते चुकते ती पद्धत. जिथे मीठ सर्वात कमी जाणवते तिथे, म्हणजे पातेल्यात, आपण ते सढळ हाताने घालतो. आणि जिथे ते सर्वात जास्त जाणवते तिथे, म्हणजे पानात, त्याला बंदी करतो. हे उलटे व्हायला हवे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी हिशेब. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. कारण मिठात वजनाच्या सुमारे ४० टक्के सोडियम असते. पाच मिलिलिटरच्या मापाचा सपाट चमचा बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरते, म्हणजे सबंध दिवसाची मर्यादा एका चमच्याच्या आतच संपते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, तो माणशी रोज सुमारे ८ ग्रॅमचा आहे, पुरुषांत ८.९, बायकांत ७.१. हा आकडा कोणालाही आपल्या घरी पडताळून पाहता येतो. चौघांच्या घरात किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या थोडे वर झाले. तीच पिशवी पन्नास दिवस पुरली, तर माणशी ५ ग्रॅम. लोणची, पापड आणि बाहेरचे खाणे यात आलेलेच नाही, ते वेगळे. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवणे, याहून स्वस्त तपासणी दुसरी नसेल.

भिवंडीसारख्या गावात हा प्रश्न एका प्रकारच्या चुलीपुरता राहत नाही. यंत्रमागांनी आणि अलीकडे गोदामांनी इथे अर्धा देश आणून वसवला आहे. खाडीकाठच्या काल्हेर-कशेळीकडची आगरी घरे, त्यांची तांदळाची भाकरी आणि सुकट. पद्मानगरातली तेलुगू पद्मशाली विणकरांची घरे, त्यांचे चिंचेचे सार आणि जहाल लोणची. उत्तर प्रदेशातून आलेल्या अन्सारी कुटुंबांचे सालन. कोकणी मुसलमानांचे नारळाचे कालवण. आणि एकट्याने राहणाऱ्या माग कामगारांच्या खाणावळी, ज्यांना गावात बिस्सी म्हणतात. रुग्णालयाच्या भिंतीवरचा छापील आहार-तक्ता यातल्या एकाही घराला नीट लागू पडत नाही. पण या सगळ्या चुलींमध्ये एक गोष्ट समान आहे आणि ती रोग्याच्या फायद्याची आहे. आपले मुख्य अन्न जवळजवळ बिनमिठाचे असते. शेजारच्या वाडा तालुक्यातला कोळम तांदूळ साधा शिजवला तर त्यात मीठ पडत नाही; तांदळाच्या भाकरीत ते नसते किंवा नावाला असते. पाश्चात्त्य देशांत तसे नाही. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खाल्लेल्या सोडियमपैकी ७७ टक्के तयार अन्नातून आलेले आढळले. शिजवताना आणि ताटात घातलेले मिळून जेमतेम ११ टक्के. तिथल्या रोग्याला कारखानदाराशी भांडावे लागते. आपल्याकडे बहुतांश मीठ घरातल्याच हाताने पडते, आणि घरातला हात बदलता येतो.

तो हात कुठे आवरायचा हे कळण्यासाठी जीभ काय करते ते पाहावे लागेल. पोटात एकूण किती मीठ गेले, हे जिभेला कळतच नाही. लाळेत विरघळून जे मीठ त्या क्षणी स्वादकळ्यांपर्यंत पोचते, त्याची तीव्रता तेवढी तिला कळते. म्हणून लादी पाव आणि बटाट्याचे वेफर यांत वजनाच्या मानाने मीठ जवळपास सारखे असले, तरी वेफर खारट लागतात आणि पाव मुळीच नाही: वेफरचे मीठ पृष्ठभागावर असते, पावाचे पिठाच्या आत अडकलेले असते. गिळेपर्यंत त्यातले बरेचसे मीठ जिभेला भेटतच नाही, रक्ताला मात्र नक्की भेटते. पातेल्यात शिजलेल्या मिठाचेही असेच होते. डाळीच्या दाण्यात, बटाट्याच्या फोडीच्या पोटात, रश्श्याच्या दाटपणात ते विखुरते. दाट पदार्थाची चव जिभेवर पातळ पदार्थाहून मंद उमटते, म्हणून हात आणखी सैल सुटतो. तेच मीठ शेवटी, वरून आणि चिमटीने घातले तर निम्म्यात काम भागते. मराठी पान वाढण्याच्या जुन्या रीतीत पानाच्या वरच्या टोकाला मिठाची चिमूट आणि तिच्या शेजारी लिंबाची फोड असे. ही रीत कोणी वैद्यकाच्या विचाराने घातली असे म्हणण्याचे कारण नाही, पण वैद्यकाला ती सोयीची आहे खरी.

इथे पहिला आणि सर्वात जोरदार आक्षेप येतो. डॉक्टर तर नेमके उलट सांगतात: वरून मीठ घेऊ नका. या सल्ल्यामागे कारण आहे. पातेल्यात आधीच पुरेपूर मीठ असताना वरून घेतलेली प्रत्येक चिमूट म्हणजे भर, आणि न मोजलेली भर. पण सल्ला पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो आणि पातेले तसेच राहते. मग घरात समज रुजतो की कच्चे मीठ वाईट, शिजवलेले चालते. रसायनशास्त्रात या समजाला काडीचाही आधार नाही. आमटीत उकळल्याने सोडियम नाहीसे होत नाही की सौम्य होत नाही. उलट बाजूचा पुरावा मात्र आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले गॅरी बोशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना कित्येक आठवडे कमी मिठाचे अन्न दिले आणि मीठदाणी मात्र हवी तेवढी वापरायला मोकळी ठेवली. अन्नातून जेवढे सोडियम कमी झाले होते, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढेही त्यांनी वरून परत घेतले नाही. प्रयोगात माणसे थोडी होती, तेव्हा त्याच्यावर सगळा इमला उभारू नये. पण जिभेबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्याच्याशी हा निकाल जुळतो. पातेले कमी करा आणि पान मोकळे ठेवा, तर माणूस फारसे परत घेत नाही. रोग्याच्या बाबतीत तेवढ्यावरही विसंबायचे कारण नाही, कारण आपण त्याचे पानातले मीठ मोजून देणार आहोत.

ते असे. डॉक्टरांनी दिवसाला ५ ग्रॅम सांगितले असेल, तर त्यातले सुमारे १ ग्रॅम मिठाइतके सोडियम दूध, डाळी, भाज्या, मासे यांत मुळातच असते. आणखी १ ग्रॅम पाव, बिस्किट अशा चुकवता न येणाऱ्या गोष्टींसाठी सोडावे. उरले ३ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा बारीक मीठ. ते सकाळी एका लहान डबीत काढून ठेवायचे; रोग्याची डबी ती. घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक एकाच पातेल्यात, बिनमिठाचा किंवा अगदी नाममात्र मिठाचा करायचा, आणि पानात बसल्यावर रोग्याने डबीतून, बाकीच्यांनी मीठदाणीतून आपापले घ्यायचे. पातेल्यात चमचाभर जरी पडले, तरी रोग्याचा वाटा डबीतून आधीच कमी करायला हवा. चौघांच्या आमटीत सपाट पाव चमचा मीठ, म्हणजे दीड ग्रॅम, पडले तर त्याच्या नावावर त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.४ ग्रॅम लागला. चिमटीच्या मापावर मात्र विसंबू नये. एकीची चिमूट दुसरीच्या दुप्पट असते, आणि खडेमीठ चमच्यात बारीक मिठापेक्षा पोकळ बसते, म्हणून डबीत एकाच जातीचे बारीक मीठ असावे. ही व्यवस्था दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण तिच्यात रोग्याला ठरवण्याचा हक्क परत मिळतो. दुपारी माशाच्या कालवणावर जास्त उधळायचे आणि रात्री ताक-भात अळणी खायचा, की उलट, हे तो ठरवील. वेगळ्या पातेल्याचा अपमानही टळतो.

सगळे पदार्थ या रीतीला सारखे वश होत नाहीत. पातळ आमटी, सार, ताक, कोशिंबीर, पोह्यांवरचे मीठ यांत ती सहज चालते. कोशिंबिरीत तर मीठ आधी घातले की काकडी पाणी सोडते आणि चव त्या पाण्याबरोबर वाडग्याच्या तळाशी जाते. पानात घातले तर थोडक्यात भागते. बटाटा, अख्खे कडधान्य, मटण यांच्या आत मीठ शिरले नाही तर घास पोकळ लागतो, अशी तक्रार खरी आहे. त्यावर उपाय कापण्यात आहे: बटाट्याच्या मोठ्या फोडींऐवजी पातळ काचऱ्या केल्या की मीठ-मसाल्याला पृष्ठभाग मिळतो, उसळीतले थोडे दाणे ठेचून रश्श्यात मिसळले की फोडणी त्यांना धरते. भाजी परतताना मीठ घातल्याने पाणी सुटते आणि ती लागत नाही, म्हणून कित्येक जणी ते सुरुवातीलाच घालतात. तेच काम झाकणावर पाणी ठेवून वाफ दिल्याने होते. मासळीला मीठ-हळद लावून ठेवण्याऐवजी हळद, वाटलेले आले-लसूण आणि चिंचेचा कोळ लावावा, आणि तुकडी तव्यावरून उतरल्यावर डबीतली चिमूट भुरभुरावी. इथे एका जागी फसगत होते ती कोकमाच्या आगळात. ते टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते, आणि आमसुलेही अनेकदा मीठ लावूनच वाळवतात. आंबट म्हणून निर्धास्तपणे ओतलेले आगळ सगळा हिशेब बिघडवते. चिंच, लिंबू, कैरी, आंबट दही ही निर्मळ आंबटे.

आंबट, सुगंध आणि भाजलेपणा ही तिन्ही मिठाची जागा घेत नाहीत. ती मीठ थोडे असूनही पुरल्यासारखे वाटायला लावतात. आंबटाने खारटपणा उठून दिसतो, हे लिंबू पिळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मिठाचे दुसरे एक काम मात्र स्वयंपाक करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही: ते कडूपणा दाबते. १९९७ साली ब्रेझलिन आणि बोशाँ यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की मीठ कडूपणा दडपते, आणि त्यामुळे त्याच पदार्थातला दडलेला गोडवा वर येतो. म्हणजे मीठ काढले की मेथी जास्त कडू होणार, वांग्याचा तुरटपणा जाणवणार, जळका कांदा आणि करपलेली मोहरी तर लपणारच नाही. म्हणून कमी मिठाच्या स्वयंपाकात पहिले काही आठवडे लाल भोपळा, गाजर, मटार, दुधी, सावकाश तांबूस परतलेला कांदा अशा स्वभावतः गोड भाज्यांकडे झुकावे, कारल्याचा आग्रह नंतर. फोडणीकडे नेहमीपेक्षा जास्त लक्ष द्यावे. हिंग, जिरे, लसूण, कढीपत्ता यांच्यात सोडियम नगण्य असते आणि वास भरपूर; त्यातही अर्धी फोडणी सुरुवातीला आणि अर्धी वाढण्यापूर्वी वरून दिली तर वास टिकतो. वय वाढले की वासाची आणि चवीची दोन्ही जाण मंदावते, काही औषधांनीही तोंडाची चव जाते; म्हाताऱ्या माणसाला सौम्य जेवण द्यावे हा आपला समज पथ्याच्या मुळावरच येतो. तिखट सोसत असेल तर तिखट द्यावे. तीळ, जवस, कारळे भाजून केलेली चटणी किंवा लसूण-शेंगदाण्याचा ठेचा मिठाशिवाय वाटता येतो. आगरी घरातला वर्षाचा मसाला दळतानाच त्यात मीठ घालू नये. कांदा-लसूण मसाल्यात ते घालण्याची रीत आहे, आणि विकतच्या चाट मसाल्यात काळे मीठ मुबलक असते. पुडीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय मसाला रोग्याच्या भाजीत जाऊ नये.

तोंडीलावण्याकडे वळले की आकडे डोळ्यांत भरतात. लोणचे टिकते तेच मिठावर. वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक मीठ त्यात सहज असते. १५ ग्रॅमची एक फोड म्हणजे दीड ग्रॅमच्या वर मीठ, आपल्या डबीतला निम्मा ऐवज. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, आणि खार काय किंवा खाण्याचा सोडा काय, दोन्ही सोडियमचेच क्षार. खारट लागत नाहीत म्हणून सुटतात एवढेच. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम आहे. भजी, ढोकळा, खारी, नानकटाई यांतून ते येते. पित्तावर घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पावडरीच्या एका पुडीत ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे २ ग्रॅम मिठाइतके. मीठ सोडलेला माणूस चमचमीत खाऊन ती पुडी घेतो, तेव्हा एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत जाते. सुकटीला माझी सरसकट ना नाही. ऊन दिलेला जवळा किंवा बोंबील गरम पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, पुन्हा एकदा धुऊन घेतला तर खार बराच उतरतो, आणि मुळात त्याला चव एवढी असते की मूठभर जवळ्यात अख्खी वांग्याची भाजी निघते. मीठ भरून वाळवलेला खारा मासा मात्र या आजारात वर्ज्यच समजावा.

सैंधवाबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण कित्येक घरांत मीठ सोडले म्हणजे सैंधव धरले असा अर्थ होतो. उपवासाला चालते, निसर्गातून येते, रंग गुलाबी असतो. पण ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. बाकीच्या क्षारांचे प्रमाण इतके किरकोळ की रक्तदाबाला त्याने फरक पडत नाही. वर तोटा असा की ते बहुधा आयोडिनयुक्त नसते. मीठ कमी खाल्ल्याने आयोडिन कमी पडेल अशी शंका असेल, तर जे थोडे मीठ खायचे ते तरी आयोडिनयुक्त असावे. दूध, अंडी आणि समुद्राची मासळी यांतूनही ते मिळते. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ ही गोष्ट वेगळी आणि गंभीरपणे घेण्याजोगी आहे. त्यात सोडियमचा काही हिस्सा काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर पाच वर्षे चाललेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. पण त्या प्रयोगातून मूत्रपिंडाच्या गंभीर रोग्यांना वगळले होते, आणि ते योग्यच होते. मूत्रपिंडे अशक्त असतील, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम शरीरात साठते आणि हृदयाचा ठोका बिघडवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ साली अशा मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाचे रोगी, गरोदर बायका आणि मुले यांना वगळले आहे. तेव्हा हे मीठ डॉक्टरांना विचारल्याखेरीज आणू नये. पोटॅशियम साठण्याची भीती असलेल्या रोग्यांना टोमॅटो, शहाळे, पालेभाज्याही जपून द्याव्या लागतात. बटाटा आणि पाला भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावे लागते.

भिवंडीत एक आक्षेप हमखास येतो. मागाच्या शेडमध्ये बारा-बारा तास घाम गाळणाऱ्याने मीठ कमी केले तर त्याला चक्कर येणार नाही का? आक्षेप पोकळ नाही. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जाते. पण रोज उकाड्यात काम करणाऱ्याचे शरीर आठ-पंधरा दिवसांत सरावते आणि घामातून मीठ कमी सोडू लागते. नव्याने आलेल्या कामगाराचा आणि मुरलेल्याचा घाम सारखा खारट नसतो. मुरलेल्याला आधी पाणी हवे असते, आणि ८-९ ग्रॅम मिठावरून ५-६ वर येणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. खरा धोका दुसऱ्यांना आहे: लघवी वाढवणारी गोळी घेणारी म्हातारी माणसे, जुलाब-उलट्या झालेले, आणि हौसेने मीठ पूर्ण बंद करणारे. त्यांच्या रक्तातले सोडियम घसरते. माणूस गुंगतो, बरळतो, तोल जातो. अशा वेळी वाद न घालता दवाखाना गाठावा आणि रक्त तपासावे.

अभ्यासकांमध्येही या प्रश्नावर एकमत नाही, हे वाचकापासून दडवण्याचे कारण नाही. २०१४ साली अनेक देशांतल्या लोकांवरच्या ‘प्युअर’ या पाहणीने सांगितले की दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम घेणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार सर्वात कमी, आणि त्याहून कमी घेणाऱ्यांत पुन्हा जास्त. टीकाकारांनी दाखवून दिले की तिथे सोडियमचा अंदाज एकदाच घेतलेल्या लघवीवरून बांधला होता, आणि आधीच आजारी असलेली माणसे खातातच कमी, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची उलटापालट होते. हृदय थकलेल्या ८०६ रोग्यांवरच्या २०२२ सालच्या प्रयोगात मीठ फार खाली नेल्याने मृत्यू किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या ठळकपणे घटल्या नाहीत. यावरून मी एवढेच घेतो की शून्याकडे धावण्यात शहाणपण नाही. पण रक्तदाबाच्या रोग्याचे काय, याचे उत्तर पाहणीपेक्षा प्रयोगात जास्त स्पष्ट मिळते. अमेरिकेत ४१२ लोकांना तीन वेगवेगळ्या पातळ्यांचे मीठ देऊन केलेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो: भाजी, फळे, दूध यांनी भरलेला आहार आणि कमी सोडियम एकत्र आले, तेव्हा नेहमीच्या आहाराच्या आणि जास्त मिठाच्या तुलनेत रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा ११.५ ने उतरला. एखाद्या गोळीने उतरावा तेवढा.

राहिली जिभेची सवय. ती बदलते, आणि वाटते त्यापेक्षा लवकर. मोनेल संस्थेतच १९८२ साली झालेल्या अभ्यासात काही महिने कमी सोडियम खाल्लेल्यांना पूर्वीचे सूप जास्त खारट वाटू लागले आणि कमी मिठाचे आवडू लागले. साधारण दोन-तीन महिन्यांचा पल्ला धरावा. ब्रिटनने हेच संपूर्ण देशाच्या पातळीवर केले म्हणा ना: पाव आणि तयार पदार्थांतले मीठ हळूहळू उतरवत नेले, आणि २००३ ते २०११ या काळात माणशी मीठ ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले. म्हणून रोग तातडीचा नसेल, तर पातेल्यातले मीठ दर पंधरवड्याला थोडे थोडे उतरवावे. घरातल्या बाकीच्यांना तर कळणारही नाही. तातडी असेल तर डबीची रीत पहिल्या दिवसापासून.

खाणावळीत जेवणाऱ्या कामगाराच्या हातात पातेले नसते. त्याने साधा भात आणि पोळी-भाकरी पोटभर, डाळ-भाजी जरा बेताने, कच्चा कांदा, लिंबू, हिरवी मिरची हवी तेवढी घ्यावी आणि लोणचे-पापड सोडावे. एवढ्यानेही दिवसाचे दोन ग्रॅम मीठ वाचते. पण खरी किल्ली बिस्सी चालवणारीच्या हातात आहे. तिच्या एका मुठीत डझनावारी माणसांचा रक्तदाब असतो. डाळीत मूठभर मीठ कमी आणि प्रत्येक पंगतीत एक मीठदाणी आणि लिंबाच्या फोडींचे ताटले, याला पैसे पडत नाहीत, उलट कोणाची तक्रारही उरत नाही, कारण ज्याला हवे तो घेईल. महापालिकेच्या आरोग्य विभागाने गोळ्या वाटण्याबरोबर या बायकांची एखादी दुपार मागून घेतली, तर ती वाया जाणार नाही.

घरच्यांनी पुढच्या तपासणीला जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत. आमच्या माणसाला दिवसाला किती ग्रॅम मीठ चालेल? पोटॅशियम आवरायचे आहे का? चालू गोळ्यांमुळे सोडियम घसरण्याची भीती आहे का? डॉक्टर घाईत असतील, तरी उत्तर आकड्यात मागा, आणि तो आकडा कागदावरच्या त्या एका ओळीपुढे त्यांच्याच हाताने लिहून घ्या.